गादी मागवली, गादीराव आला

माणसाचं नशीब एका अक्षरानं फिरतं, असं जुने लोक सांगतात. तिगावच्या भाऊराव खोडेंचं फिरलं ते एका जादा ‘द’मुळे.

भाऊराव म्हणजे सौंसरच्या कचेरीतून रिटायर झालेले बडे बाबू. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांचे फॉर्म तपासले आणि त्या तेहतीस वर्षांत एकही रिकामा रकाना त्यांच्या टेबलावरून पुढं सरकला नाही. माणूस रडो, पडो, त्याची शेवटची बस निघून जावो, भाऊराव चष्मा नाकावर घेऊन एवढंच म्हणत, “रकाना खाली सोडता येत नाही.” मागून लोक त्यांना काय काय म्हणायचे ते जाऊ द्या. समोर सगळे बडे बाबू म्हणत, आणि भाऊरावांना समोरचंच ऐकू यायचं.

रिटायर झाले आणि हे सगळं एका दुपारीत आटोपलं. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. आता तिगावात घरामागं संत्र्याची दीडशे झाडं आणि कोठ्यात चंद्रकलाबाईंच्या सहा बकऱ्या. बकऱ्या चंद्रकलाबाईंच्या, हे ध्यानात ठेवा. तसे भाऊरावही चंद्रकलाबाईंचेच, पण बकऱ्या दूध देत होत्या, त्यामुळे घरात कोणाची वट जास्त हे सांगायला नको.

फागुनात दोन करडं गेली. दिवसाढवळ्या. शेजारचे यशवंतराव, संत्र्याचे बागाईतदार आणि गावातल्या प्रत्येक विषयाचे जाणकार, म्हणाले तरस असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाले बिबट. तिसऱ्या दिवशी ते वाघावर आले, तेव्हा लोकांनी विचारणं सोडून दिलं. राखणीला त्या दुपारी कोण होतं? भाऊराव होते. बाजेवर होते. तोंडावर पेपर होता. “पेपर तेवढा राह्यला, बावा,” असं चंद्रकलाबाईंनी आख्ख्या तिगावात सांगितलं.

त्याच आठवड्यात पुतण्याचा, कुणालचा फोन आला. कुणाल हिमाचलात कुठल्याशा धरणाच्या कामावर. फोन स्पीकरवर होता. काकूंनी करडांचं दुःख सांगितलं, आणि तेवढ्यात काकांनी मध्ये तोंड घालून पाठीचं दुःख सांगितलं. जुन्या गादीत गोळे झाले होते. पांढुर्ण्यासारख्या कापसाच्या बाजाराशेजारी राहून माणसानं गोळ्यांवर झोपावं, ह्याची त्यांना लाज वाटत होती.

“काका, काकू, टेन्शन घेऊ नोका,” कुणाल म्हणाला, “मी एक अस्सल गद्दी पाठवून राह्यलो. पहाडातला माल. जाड, मऊ, गरम. एकदा घरात आला की दोघंबी बिनघोर झोपा. आता छोटा हाय, पण वाढंल...” आणि रेंज गेली.

“पाह्यलं?” भाऊराव म्हणाले. “गादी पाठवून राह्यला पोरगा.”

“मी बकऱ्याईचं रडलो, न् तुमच्या पाठीले गादी!” चंद्रकलाबाई भडकल्या.

आता तुम्ही म्हणाल, ‘छोटा हाय, वाढंल’ हे ऐकून माणसाला शंका येऊ नये? आली ना. पण टीव्हीवर दाखवतात, फोमची गादी गुंडाळून खोक्यात येते आणि उघडली की टम्म फुगते. भाऊरावांनी ते पाहिलं होतं. आणि गादीला पोरगं ‘आला’, ‘छोटा’ म्हणालं, तेही त्यांच्या कानातून सुटलं नव्हतं. “तिकडं राहून त्याची मराठी बिघडली,” त्यांनी बायकोला समजावलं. “स्त्रीलिंगाचं पुल्लिंग करून राह्यला लेकाचा.”

नवी येणार म्हणून जुनी गादी त्यांनी रेल्वे फाटकाच्या चौकीदाराला देऊन टाकली. मोठ्या मनानं, चारचौघांत, हातात हात देऊन. हा दानशूरपणा पुढं किती महाग पडला ते कळेलच.

कुणालचा एक दोस्त नागपूरला चालला होता. तो पांढुर्णा टेशनावर माल उतरवून देणार होता. भाऊराव ऑटो घेऊन गेले, गादी बांधायला चऱ्हाट घेऊन गेले, आणि सल्ल्याला यशवंतरावांना घेऊन गेले. गाडी दोन मिनिटं थांबली. दोस्तानं दारातूनच एक करंडी आणि एक पाकीट हातात दिलं, “सांभाळा जी,” म्हणाला, आणि गाडी हलली.

करंडीत काळंभोर, केसाळ काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं.

“क्वालिटी दिसते,” यशवंतराव म्हणाले. “दाबून पाहा.”

भाऊरावांनी दाबून पाहिलं. गादीनं त्यांचा अंगठा चाटला.

घरी येऊन पाकीट उघडलं तर कुणालची चिठ्ठी. भाऊरावांनी ती उभं राहून, सरकारी परिपत्रक वाचावं तशी मोठ्यानं वाचली. ह्या जातीचा कुत्रा मूळचा हिमाचलच्या पहाडातला. तिथं गद्दी नावाचे मेंढपाळ लोक आहेत, उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या घेऊन बरफाजवळ चढतात, हिवाळ्यात खाली उतरतात. त्यांच्याबरोबर हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, म्हणून नाव गद्दी.

“म्हणजे जल्मात गादीवर बसला नाही तो,” चंद्रकलाबाई म्हणाल्या.

अंगानं थोराड, केस दाट, मान जाड आणि मानेवर आयाळीसारखा झुपका. बिबट पहिले गळाच धरतो, म्हणून मेंढपाळ वरून लोखंडी काट्यांचा पट्टाही घालतात. स्वभाव असा की स्वतःच्या डोक्यानं चालतो, हुकूम मानत नाही, परक्याला कळपाजवळ फिरकू देत नाही.

“हुकूम न मानणारा एक होताच घरात,” चंद्रकलाबाई म्हणाल्या.

शेवटच्या ओळीखाली कुणालनं दोन रेघा मारल्या होत्या. ‘लहानपणी ज्यायच्यात झोपते, त्यायलेच आपला कळप मानते. म्हून काका, पिल्लू बकऱ्यातच झोपवा. माणसात नोको.’

तर पिल्लू बकऱ्यांत सोडलं. चांदणी म्हणून थोरली बकरी होती, तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, दोन पावलं मागं सरकली, आणि असं शिंग दिलं की कुत्र्याची ती पहाडी पैदास भाऊरावांच्या पायजम्यात येऊन दडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पिल्लू कोठ्याचं दार पाहूनच कुईकुई करायला लागलं.

“सवय लागेपावतर तुम्हीच झोपा त्याच्यासंगं कोठ्यात,” चंद्रकलाबाईंनी निकाल दिला. “तसंबी तुमच्याजवळ गादी कुठं हाय?”

भाऊरावांनी घोंगडी उचलली. यशवंतराव कुंपणावरून पाहतच होते. “बडे बाबू, असं नाही जमत,” ते म्हणाले. “घोंगडी दोन दिवस बकऱ्याईखाली आथरा. मंग पांघरा. वास लागला पाहिजे अंगाले. पिल्लाले वाटलं पाहिजे का हेबी बकरीच हाय, म्हणजे हळूहळू त्याची भीती मोडते.”

सल्ला शास्त्रीय वाटला. भाऊरावांनी तो पाळला. तेहतीस वर्षांची सवय. वरून आलेला आदेश ते पाळतच. एक महिना त्यांनी अंगाला बकरीचा वास लावून कोठ्यात काढला. पिल्लाची भीती मोडली. ते पोटाशी झोपायचं, दचकलं की त्यांच्या काखेत डोकं घालायचं. चंद्रकलाबाईंनी त्याचं नाव ठेवलं गादीराव. यशवंतरावांना ते आवडलं नाही. कुत्र्याला ‘राव’ लावला तर माणसानं काय लावायचं, असं त्यांचं म्हणणं.

वैशाखात गादीराव वासराएवढा झाला. वर ऊन चव्वेचाळीस, आणि ह्याच्या अंगावर बरफातला कोट. कूलर त्याच्या तोंडापुढं गेला, भाऊरावांना हातपंखा आला. तेही चाललं असतं. खरी गोष्ट उमगली ती एका सकाळी. चंद्रकलाबाईंनी बकऱ्या चरायला सोडल्या. गादीराव आता उठेल, मग उठेल, म्हणून त्या पाहत राहिल्या. गादीरावानं जांभई दिली. तेवढ्यात भाऊराव लोटा घेऊन संत्र्याच्या बागेकडं निघाले, आणि गादीराव ताडकन उठून त्यांच्या मागं.

बागेच्या टोकाला भाऊराव जरा जास्त लांब गेले. गादीरावानं आडवं येऊन, खांदा लावून, त्यांना ढकलत कोठ्यापर्यंत परत आणलं.

“अवो,” चंद्रकलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “हा तुमालेच बकरी समजून राह्यला!”

ही बातमी तिगावात पोचायला तेवढाच वेळ लागला, जेवढा चंद्रकलाबाईंना हातपंपावर पोचायला. त्या दिवसापासून भाऊरावांची इज्जत उतरणीला लागली. न्हावी वस्तरा घेऊन जवळ आला तर गादीराव मध्ये उभा. अर्धी दाढी करून भाऊराव तीन दिवस हिंडले. टेशनावरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी गप्पा रंगात येत, आणि दिवस कलला की गादीराव येऊन त्यांच्या ढुंगणाला नाक लावी. उठले नाहीत तर खांदा. “चाला, कळप निघाला,” टपरीवाला म्हणे. पोस्टमनसुद्धा विचारायला लागला, “बडे बाबू, आज चराले कोण्या बाजूनं?”

ज्या माणसानं तेहतीस वर्षं अख्ख्या तहसिलीला रांगेत उभं केलं, त्याला हे ऐकावं लागावं! भाऊराव रागावले. गादीरावाला बांधून पाहिलं. त्यानं खुंटा उपटून आणला. कुणालला फोन केला. तो इतका हसला की शेवटी रेंजलाच भाऊरावांची दया आली आणि ती गेली.

चंद्रकलाबाईंनी मात्र डोकं चालवलं. भाऊराव जिथं, गादीराव तिथं. मग भाऊरावांनाच बकऱ्यांत बसवलं की झालं. बाज कोठ्यात गेली, पेपर कोठ्यात, चहाही कोठ्यात. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर एकही करडू गेलं नाही. एकदा झुडपात काहीतरी खसपसलं, गादीराव असा भुंकला की फाटकावरचा चौकीदार भाऊरावांच्या जुन्या गादीवरून उठून बसला.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी भाऊराव कोणाला बोलले नाहीत. कचेरीत रोज साडेदहाला हजेरी व्हायची. रिटायर झाल्यापासून त्यांची हजेरी कोणी घेतली नव्हती. ते घरात आहेत की नाहीत, हे जेवणाच्या वेळेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नसे. आता एक जनावर तासातासाला येऊन त्यांना हुंगून जात होतं. आहे का? आहे. मग ठीक. भाऊरावांना ह्याचं फार बरं वाटायचं. इतकं की कधी कधी ते मुद्दाम झाडामागं उभे राहत, गादीराव शोधत येईपर्यंत.

आषाढात घात झाला. यशवंतराव पोरासाठी मुलगी पाहायला लोधीखेड्याला निघाले होते. पांढराफेक पायजमा, कडक इस्त्री. जाता जाता कुंपणापाशी थांबले, भाऊरावांना बकरीवरून एक टोमणा मारला, आणि स्वतःच्याच टोमण्यावर खूश होऊन त्यांच्या खांद्यावर थाप दिली. थाप जोरात बसली. गादीराव उठला. चावला नाही, गुरगुरलाही नाही. त्यानं फक्त मध्ये शिरून खांदा लावला, आणि यशवंतराव बकऱ्यांसाठी भिजत घातलेल्या सरकीच्या ढेपीच्या, म्हणजे पेंडेच्या, घमेल्यात बसले.

सोयरीक जमली नाही. मुलीकडच्यांनी वासाचं काही विचारलं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी यशवंतरावांचा अर्ज पांढुर्ण्याच्या जनावरांच्या दप्तरात, म्हणजे पशुवैद्यकीय कचेरीत पोचला. शेजाऱ्यानं पहाडी हिंस्र पशू पाळला आहे, जिवाला धोका आहे.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या गोटमार जत्रेत हौसेनं दगडगोटे खाणारा माणूस!” भाऊराव कुंपणावरून ओरडले. “कपाळावरचा वण गावभर दाखवता, न् कुत्र्याच्या धक्क्याची तक्रार करता?”

“गोट्याले मान हाय,” यशवंतराव म्हणाले. “ढेपीले नाही.”

अर्जावरून नोटीस आली, आणि ती घेऊन भाऊराव दप्तरात गेले. नोटिसा काढण्यात जन्म गेला, पण नोटीस घेण्याचा अनुभव नवा होता. आतमध्ये खुर्चीवर डॉक्टरीण बाई, प्रज्ञा गजभिये. तरुण, लोधीखेड्याची. तिनं त्यांना पाहिलं आणि चष्मा नाकावर घेतला.

“बडे बाबू, ओळखलं का? मूलनिवासीच्या दाखल्यासाठी तीनदा परत पाठवलं होतं तुम्ही मले. तिसऱ्यांदा निस्ता पिनकोड राह्यला होता.”

भाऊरावांनी स्वतःचा चष्मा काढून हातात घेतला. “रकाना... खाली सोडता येत नाही ना, बाई.”

“बरोबर हाय जी,” ती म्हणाली आणि फॉर्म पुढं सरकवला. मग तिनं समजावून सांगितलं. तक्रार आहे म्हटल्यावर एवढा मोठा कुत्रा निव्वळ हौसेचा म्हणून वस्तीत ठेवता येत नाही, त्याला नागपूरकडच्या कुत्र्यांच्या आश्रमात पाठवावं लागेल. पण तो जनावरांचा राखणदार असेल, कामाचा असेल, तर आपल्या कळपाजवळ राहू शकतो. “मी येऊन पाहतो. राखून दाखवलं पाहिजे त्यानं.”

भाऊराव घरी आले ते थेट बाजेवर जाऊन बसले. चंद्रकलाबाईंनी ताट वाढलं, त्यांनी हात लावला नाही. गादीराव आला, हुंगून गेला. “नेतील त्याले,” एवढंच ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण चंद्रकलाबाईंनी नवऱ्याच्या डोळ्यात पाणी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी चिडवलं नाही, हे विशेष.

फॉर्म मात्र भाऊरावांनी भरला. काय अक्षर होतं! नस्ल: गद्दी. उद्गम: हिमाचलचे पहाड. शारीरिक लक्षणं: काळा, दाट केस, जाड मान, आयाळ. स्वभाव: स्वाभिमानी. एक रकाना राहिला. ‘रक्षित पशुधन: नाम, जाति, संख्या.’ तिथं पेन्सिलनं ‘बकऱ्या, सहा’ लिहून ठेवलं.

प्रज्ञाबाई आली ती नेमकी पोळ्याच्या आदल्या दिवशी. यशवंतराव साक्षीला हजर होते. बाई कोठ्यात शिरली, तिनं चांदणीचा कान धरला. गादीरावानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. तिनं एक करडू उचललं आणि त्याला काखेत घेऊन कुंपणाबाहेर गेली. गादीराव पाठ खाजवत होता.

“पाह्यलं बाई?” यशवंतराव आनंदानं म्हणाले. “हा कायचा राखणदार! निस्ता आयतखाऊ.”

प्रज्ञाबाई परत आली. तिनं करडू खाली ठेवलं. मग ती भाऊरावांकडं वळली आणि सहज त्यांच्या दंडाला हात लावायला गेली. हात पोचलाच नाही. मध्ये गादीराव उभा होता. आयाळ फुगलेली, मान खाली, आणि पोटातून दूरच्या मालगाडीसारखा आवाज. बाई दोन पावलं मागं सरली, आवाज थांबला. डावीकडून गेली, गादीराव डावीकडं. उजवीकडून, उजवीकडं. तिनं तीनदा करून पाहिलं.

“राखते हो बडे बाबू,” ती म्हणाली. “एकदम पक्का राखते. पण याचा कळप बकऱ्या नाही.”

बाईनं फॉर्म काढला, पेन्सिलचं लिहिलेलं खोडलं, आणि पेन पुढं केला. “खोटं मी चालू देणार नाही. खरं लिहा. नाही त...” ती थांबली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात पिनकोड हसला. “रकाना खाली सोडता येत नाही.”

भाऊरावांनी पेन घेतला. एकीकडं तेहतीस वर्षांची बडेबाबूगिरी, कुंपणापाशी यशवंतराव, आणि उद्या पोळ्याला जमणारं अख्खं गाव. दुसरीकडं पायाशी बसलेला तो काळा ढीग, जो नुकताच त्यांना हुंगून, हजेरी लावून, स्वस्थ झाला होता. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं: ‘भाऊराव. नग एक.’

“वय?” बाईनं विचारलं.

“त्रेसष्ट.”

“रंग?”

“गव्हाळ.”

“शिंगं?”

“नाहीत.” आणि रकाना खाली राहू नये म्हणून तेही लिहिलं.

यशवंतराव हसता हसता खाली बसायचे राहिले. “कुत्र्याले माणूस बकरी वाटला तरी कसा, म्हणतो मी!”

“तुमीच त सांगितलं होतं,” चंद्रकलाबाई कडाडल्या. “बकऱ्याईखालची घोंगडी पांघरा, पिल्लाले बकरीच वाटलं पाहिजे! आता साक्षीदार म्हून सही करा, न् लिहा खाली का सल्ला तुमचा होता.”

यशवंतरावांनी सही केली. सल्ल्याचं लिहिलं नाही, पण अर्ज मागं घेतला.

बाई गेली. दिवस कलला. गावात बैलांच्या खांदेमळणीची गडबड सुरू झाली होती, त्यांच्या खांद्यांना चोळायला घराघरातून लोणी-हळदीच्या वाट्या निघत होत्या. खोडेंकडं बैलजोडी आता नाही, ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं की काम होतं. दर वर्षी चंद्रकलाबाईंची वाटी दुसऱ्याच्या गोठ्यात जायची. आज त्या वाटी घेऊन सरळ कोठ्यात आल्या. भाऊराव बाजेवर होते. गादीराव उठला, वाटी हुंगली, चंद्रकलाबाईंकडं पाहिलं आणि बाजूला सरकला. त्यांनी पहिले त्याच्या जाड मानेमागं दोन बोटं लोणी-हळद लावली. मग नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि बैलाला पोळ्याचं आमंत्रण देतात तसं, गळा साफ करून म्हणाल्या,

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

“अवो, काय लावलं हे!” भाऊराव चिडले. “मी का बैल हाय?”

“सरकारी कागदावर लिहून देल्लं ना, आपल्या सहीनं? शिंगंबी नाहीत म्हून देल्लं. आता गुमान बसा. पुरणाची डाळ भिजू घातली हाय म्या.”

गादीराव दोघांच्या मध्ये न येता, आपला कळप एकचा दोन झाल्यासारखा, आळीपाळीनं दोघांकडं पाहत होता. भाऊरावांनी आधी कुंपणाकडं नजर टाकली. यशवंतराव नव्हते. मग त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि खांदा पुढं केला.